पाखरगडची खीर

पाखरगडाचे मानद मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र हातात पडलं, त्या दिवशी लालासाहेब जगदाळे जिल्हा परिषदेतून निघाले ते पोवई नाक्यावर घराकडे वळायचं विसरून तसेच पुढं चालत गेले. भानावर आले तेव्हा गावाबाहेरच्या जकात नाक्यावरचा शिपाई त्यांना पिशवीत काय आहे असं विचारत होता. पिशवीत जेवणाचा रिकामा डबा आणि ते पत्र होतं. लालासाहेबांनी दोन्ही उघडून दाखवलं. शिपायाने डब्याचा वास घेतला, पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

लालासाहेब साताऱ्याला बांधकाम खात्यात आवक-जावक कारकून. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि ते पुढच्या टेबलावर ढकलायचं, हे काम करायला माणसाचे दोन हात पुरतात. मन लागत नाही. त्यामुळे लालासाहेबांचं मन गेली अकरा वर्षं पाखरगडावर राहायला गेलं होतं. रविवारी तेवढं शरीर त्याला भेटायला जायचं. साताऱ्यापासून दहा-बारा मैलांवरचा हा गड म्हणजे अर्धवट ढासळलेला तट, एक दरवाजा, एक टाकं आणि एक तोफ. शेळ्या सोडल्या तर तिथं कुणी जात नसे. पण तटावर भाकरी सोडून बसलं, की खालच्या खोऱ्यातून धुकं वर यायचं, आणि दरवाजातून आत शिरायचं ते घोडेस्वारांसारखं, एकामागून एक, माना खाली घालून. लालासाहेब भाकरीचा घास हातात धरून त्यांना वाट द्यायला सरकून बसायचे. गडाविषयी त्यांनी दोनशे पानांची वही लिहिली होती. तिच्यातलं एक पान वाचून त्यांच्या पत्नीनं, सुलाबाईंनी, चष्म्याचा नंबर वाढलाय का ते तपासून घेतलं होतं.

तर पंचायत समितीचे सभापती आप्पासो यांच्या मनात आलं की आपल्या भागात सहलीला लोक यावेत. दोन बाकडी, एक पाटी आणि एक मार्गदर्शक असं मंजूर झालं. बाकडी आली, पाटी आली, आणि लालासाहेबांना छातीवर लावायला पत्र्याचा बिल्ला आला. रंगाऱ्याने त्यावर झोकदार अक्षरांत लिहिलं होतं: 'मार्गदशक'. रफार राहिला होता. लालासाहेबांनी रफारासाठी रीतसर अर्ज केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की, मागितलेला रफार हे नवीन काम समजावे की दुरुस्ती, याचा खुलासा व्हावा. लालासाहेबांनी खुलासा दिला. मग समितीने विचारलं की रफार अक्षराच्या वर येत असल्याने बिल्ल्याची उंची वाढणार आहे काय. तेव्हा त्यांनी घरीच शाईने रफार काढला, आणि पहिल्याच धुक्यात तो ओघळून 'द'वर येऊन बसला.

पहिली मंडळी आली ती सांगलीच्या एका सोसायटीतली, एसटीची गाडी ठरवून, बायकापोरांसकट. लालासाहेबांनी घसा साफ केला आणि सह्याद्रीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. थंड झालेल्या खडकावर माणसाचं पाऊल पडायलाच पंचवीस मिनिटं गेली. गडाची पायाभरणी होईपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती आणि समोर चारजण उरले होते. त्यातला एक तटाला टेकून झोपला होता, एक त्याची बायको होती, एक बाई मुलाला कुठं न्यायचं ते विचारायला थांबल्या होत्या आणि चौथा गाडीचा ड्रायव्हर होता.

बाकीची चाळीस माणसं तोफेपाशी हसत होती. तिथं रहिमान उभा होता. रहिमान गोटी सोड्याच्या बाटल्यांचं खोकं डोक्यावर घेऊन गड चढायचा. कुणी त्याला मार्गदर्शक नेमला नव्हता आणि त्याला बिल्लाही नव्हता.

"ही तोफ एकदाच उडाली बगा," रहिमान सांगत होता, "गोळा हितंच पडला, तोफच फुडं गेली!"

सांगली हसून लोटपोट झाली. लालासाहेब गर्दीत घुसले आणि म्हणाले, "हे चूक आहे. ही पंचधातूची तोफ असून तिची लांबी सात फूट चार इंच..."

"आवं मास्तर," एक बाई म्हणाल्या, "त्यास्नी बोलू द्या की जरा!"

मास्तर! ज्या माणसाने अकरा वर्षं या गडाचा दगड न् दगड उराशी धरला, त्याला मास्तर! लालासाहेब छत्री उघडून तटावर जाऊन बसले. पाऊस नव्हता, पण अपमान झाल्यावर माणसाला डोक्यावर काहीतरी लागतं.

आळीत ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. समोरचे आकाराम हवालदार पलटणीतून निवृत्त झालेले. ते लगेच आले. "तुमचं चुकतं कुठं सांगू का? आमचे सुभेदारसायेब रायफल खोलायला शिकवायच्या आधी जोक मारायचे. जवान हसला की जागा झाला. जागा झाला की शिकला. तुमी गडी झोपवून शिकवताय."

शेजारच्या बनुबाईंचं मत वेगळं होतं. "हसवायचं कशाला? आडनाव इचारायचं आन् सांगायचं, ह्यो बुरूज तुमच्याच पणज्यानं बांदला. मानूस हलत न्हाई तितनं."

"आणि भिंगारदिवे आले तर?" लालासाहेबांनी विचारलं.

"त्यास्नी टाकं द्यायचं."

लालासाहेबांनी विनोद शिकायचं ठरवलं. गहू निवडत बसलेल्या सुलाबाईंना त्यांनी रहिमानचा तोफेचा विनोद सांगून पाहिला. गोळा हितंच पडला, तोफच पुढं गेली, असं म्हणून ते थांबले. सुलाबाईंचा हातही थांबला.

"कुनाला लागलं न्हाई नव्हं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

त्या रात्रीपुरता लालासाहेबांनी विनोदाचा नाद सोडला.

पण नशिबात असलेलं टळत नाही. श्रावणातल्या एका रविवारी कडेगावकडची ऊसवाली मंडळी आली होती. रहिमान तापाने घरी होता. धुकं असं दाटलं होतं की स्वतःचा हात परक्याचा वाटावा. लालासाहेब दरवाजापाशी उभे राहून नाथाजी किल्लेदारापर्यंत आले होते, आणि समोरची मंडळी एकमेकांच्या जांभया मोजत होती.

हा नाथाजी म्हणजे लालासाहेबांच्या काळजातलं कुसळ. गडाचा शेवटचा किल्लेदार. कंपनी सरकारची फौज आली तेव्हा एक बार न काढता त्याने दरवाजा उघडला. जुन्या कागदात एवढंच होतं: 'नाथाजीने सकाळी किल्ला खाली केला. आत चौदा माणसे होती.' का उघडला? अकरा वर्षं लालासाहेब हे त्या दरवाजाला विचारत होते.

"का उघडला?" त्यांनी सवयीने मोठ्याने विचारलं. आणि मग लालासाहेबांचं तोंड आपोआप बोलायला लागलं. पुढे त्यांनी कितीदा तरी शपथेवर सांगितलं, की ते मी बोललो नाही, धुक्यातून कुणीतरी बोललं.

"अहो, त्या दिवशी त्याच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते! खालून ढोलताशे वाजत फौज आली. लाल डगले, पितळी बटणं. नाथाजी म्हणाला, पाहुणे मालदार दिसतात. उघडा दार! गोऱ्या साहेबाला पाटावर बसवलं. गव्हाची खीर वाढली. साहेबाने पाच वाट्या खाल्ल्या. सहावीला नाथाजीने विचारलं, मुलगा कुठाय? साहेब म्हणाला, मुलगा कसला, मी किल्ला न्यायला आलोय. तर आतनं बायको ओरडली, आधी खिरीची वाटी काढून घ्या त्याच्या हातातली!"

मग कडेगाव हसलं. पोट धरून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून, पागोटी सावरत हसलं. आणि नंतर जे झालं ते लालासाहेबांनी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या माणसांनी मान वर करून दरवाजाकडे पाहिलं.

"केवढा उंच वो ह्यो?"

"अठरा फूट," लालासाहेब म्हणाले.

"आई गं!"

तेच अठरा फूट. आजवर ते सांगितले की लोक घड्याळ बघत. आता कुणी कमानीला हात लावून बघत होतं, कुणी वाकून बिजागरीची भोकं बघत होतं, कुणी विचारत होतं की गडावरची माणसं पाणी कुठनं आणायची, झोपायची कुठं, थंडी वाजायची का. लालासाहेबांनी वहीतलं सगळं सांगितलं आणि कडेगावने सगळं ऐकलं. घरी जाताना ते एसटीत उभ्याने गेले आणि जागा रिकामी आहे हे त्यांना उतरताना कळलं.

पुढच्या रविवारी त्या लेकीला सगुणा हे नाव मिळालं. त्याच्या पुढच्या रविवारी तिला हिरवी चोळी मिळाली. साहेबाच्या वाट्या पाचाच्या नऊ झाल्या. खीर कुठं शिजवली असं कुणी विचारलं, तेव्हा लालासाहेबांनी छत्रीच्या टोकाने तीन काळे दगड दाखवले. शेळ्या राखणाऱ्यांनी चहा करायला मांडलेली चूल होती ती. आणि एका म्हातारीने विचारलं, "मग पोरीचं लगीन झालं का न्हाई?" तर लालासाहेब भरात होते. म्हणाले, "झालं की! त्याच वर्षी."

इथं घात झाला. दुसऱ्या रविवारी त्या चुलीला हळद-कुंकू लागलं होतं. तिसऱ्या रविवारी नारळ. खंडाळ्याच्या एका बाईनं सात ठिकाणी नाकारलेली लेक आणून चुलीला पाच प्रदक्षिणा घालायला लावल्या, आणि योगायोग बघा, आठ दिवसांत तिचं जमलं. मग काय विचारता! गाड्या भरभरून लग्नाच्या मुली येऊ लागल्या. सगुणाबाईचा झेंडा लागला. सभापती आप्पासोंनी जाहीर केलं की यंदा सगुणाबाईची यात्रा भरवायची आणि चुलीपाशी घंटा टांगायची.

आता बांधकाम खात्याचं वरचं कार्यालय जागं झालं. 'पाखरगडावर चुलीच्या स्वरूपाचे विनापरवाना धार्मिक बांधकाम झाले असून त्यास मार्गदर्शक जबाबदार आहेत' असं पत्र एका सकाळी आलं. आलेलं पत्र म्हणजे ते आवक कारकुनाच्या टेबलावर येणार. लालासाहेबांनी स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि ती साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी शेरा मारला, 'खुलासा मागवावा.' लालासाहेबांनी स्वतःला पत्र लिहून खुलासा मागवला. उत्तर काही सुचेना. आठ दिवसांनी त्यांनी स्वतःला स्मरणपत्र पाठवलं.

खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा वेगळंच काहीतरी त्यांना आतून पोखरत होतं. दुपारी टेबलावर डोळा लागला की त्यांना गड दिसायचा. धुक्यातले ते घोडेस्वार आता येईनासे झाले होते. नुसता नाथाजी दिसायचा, दरवाजाच्या उंबऱ्यावर, लालासाहेबांकडे पाठ करून बसलेला. लालासाहेब हाक मारायचे. तो वळायचा नाही.

त्यांनी हे एकट्या रहिमानला सांगितलं. ताप गेल्यावर तो परत आला होता, आणि यात्रेच्या गर्दीने त्याचा सोडा दुपारच्या आत संपत होता. रहिमान बराच वेळ बाटलीतली गोटी अंगठ्याने दाबत राहिला.

"सायेब, वाईट वाटून घिऊ नगा," तो म्हणाला. "मी तोफंची थट्टा केली. तोफंला बायकापोरं न्हाईत."

त्याच आठवड्यात कुंडलहून कार्ड आलं. अक्षर ठसठशीत. 'आमचे मूळपुरुष नाथाजी यांची आपण थट्टा चालविली असल्याचे समजते. येत्या रविवारी आम्ही गडावर येत आहोत. कळावे. कृष्णात, सध्या रजेवर.'

आकाराम हवालदारांनी कार्ड दोनदा वाचलं. "सध्या रजेवर. म्हंजे पलटणीतला गडी. तुमी आसं करा, रविवारी आजारी पडा."

"काय आजार?"

"त्यो ठरवंल की."

लालासाहेब आजारी पडले नाहीत. शनिवारभर जेवले मात्र नाहीत, आणि सुलाबाईंनी काही न विचारता त्यांचा सदरा इस्त्री करून ठेवला.

रविवारी गडावर दीड-दोनशे माणूस होतं. आप्पासो फेटा बांधून आले होते. ऊन आणि धुकं यांचा लपंडाव चालला होता. तट दिसायचा, नाहीसा व्हायचा, परत दिसायचा. त्या धुक्यातून एक उंचापुरा, मिशीवाला गडी वर आला, आणि त्याच्या पुढे, त्याचा हात न धरता, काठी टेकत एक म्हातारी. सत्तरीची असेल. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, पायात काही नाही. ती सरळ दरवाजाशी गेली, उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि बाजूच्या दगडावर बसली. ती कृष्णातची आजी, चंद्राबाई.

"चला, सुरू करा जगदाळे," आप्पासो म्हणाले, "खीर येऊ द्या!"

लालासाहेबांनी म्हातारीकडे पाहिलं. मग त्यांनी छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि म्हणाले, "मंडळी, ती गोष्ट खोटी आहे."

लोक हसले.

"खरंच सांगतो. मी रचली ती. खीर नव्हती. पाहुणे नव्हते. सगुणाबाई नाही. ती चूल शेळ्या राखणाऱ्यांची आहे."

लोक आणखी हसले. कुणीतरी म्हणालं, "आज नवीन काढलंय वो ह्यांनी!" लालासाहेबांनी हात जोडले, तर टाळ्या पडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर एक माणूस शेजारच्याला म्हणाला, "बग, नाटकात पायजे हुता ह्यो." आपण खरं बोलतोय आणि दोनशे माणसं पोट धरून हसताहेत, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. तिघंच हसत नव्हते. एक रहिमान, दुसरी दगडावर बसलेली म्हातारी, आणि तिसरा कृष्णात. कृष्णात बाह्या सारत पुढं आला. त्याला पाहून हसू पुढच्या रांगेपासून मागं विझत गेलं.

"थांब रं," चंद्राबाई म्हणाल्या. मग लालासाहेबांकडे बघून, "मग खरं काय?"

"मला माहीत नाही, आजी," लालासाहेब म्हणाले. "अकरा वर्षं शोधलं. कागदात एवढंच आहे, की नाथाजीने सकाळी किल्ला खाली केला. आत चौदा माणसे होती. का केला ते लिहिलेलं नाही. ते कळेना, म्हणून मी..."

त्यांनी दरवाजाच्या कमानीकडे हात केला.

"उपाशी हुती," चंद्राबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या माणसापर्यंत गेला.

"आमच्या घरात वरसातनं एक दीस दुपारपतुर चूल पेटवत न्हाईत. नवी नवरी हुते तवा मी सासूला इचारलं, का वो आत्याबाई? ती म्हनाली, गडावरची मान्सं अजून जेवली न्हाईत, आपुन कसं जेवायचं? नऊ दीस दाना नव्हता हितं. बायकापोरं धरून चौदाजन. धाव्या दिशी त्यानं दार उगाडलं, समद्यास्नी खालच्या गावात न्हेलं, आन् दुपारी त्यास्नी कुनीतरी भाकरी वाढली. त्यो सोता जेवला का न्हाई ते कुनाला ठावं न्हाई. पळपुटा म्हनत्यात म्हून आमच्या घरानं कुनापाशी हे काढलं न्हाई कदी."

दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. समोर उभ्या असलेल्यांत निम्म्यांनी बाहत्तर साली रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, पोरांना सुकडी भरवली होती. नऊ दिवस म्हणजे काय, हे त्यांना कुणी मार्गदर्शकाने सांगायची गरज नव्हती. मघाशी हसून हसून सैल झालेले चेहरे तसेच उघडे राहिले होते आणि ती गोष्ट त्यांच्यात सरळ आत गेली. एका बाईने चुलीवर ठेवायला आणलेला नारळ हळूच पिशवीत घातला.

"आजी, त्यांना लेक होती का?" लालासाहेबांनी विचारलं.

"हुती की. चौदातली एक. नाव कुनाला ठावं न्हाई." चंद्राबाईंनी पदर सारखा केला. "सगुणा म्हना. नाव नसल्यापरीस बरं."

"आणि मी केली ती थट्टा..."

"किती वाट्या खाल्ल्या म्हनता त्या गोऱ्यानं?"

"नऊ," लालासाहेब मान खाली घालून म्हणाले.

म्हातारीच्या खांद्याला हिसका बसला. कृष्णात घाबरून खाली वाकला. पण ती हसत होती. डोळे पुसत, तोंडाला पदर लावून, बोळक्या तोंडानं हसत होती. "नऊ दीस उपाशी हुता आमचा आजा," ती म्हणाली, "आन् तुमी त्याच्या हातनं सायबाला नऊ वाट्या खीर वाढलीसा! सांगत जावा, बाबा. खीर सांगा. पर मागनं ह्येबी सांगा."

लालासाहेबांनी तेच केलं. पुढची कितीतरी वर्षं ते आधी खीर सांगत, आणि लोक हसून मान वर करून दरवाजा पाहू लागले की चौदा माणसं सांगत. ती सांगताना रहिमान सोड्याची बाटली फोडत नसे. यात्रा काही भरली नाही. चुलीपुढं नारळ ठेवायला लोकांनाच कसंतरी वाटू लागलं. खात्याच्या पत्राला लालासाहेबांनी स्वतः दिलेला खुलासा स्वतःच स्वीकारून दप्तरी लावला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी माणसं उतरायला लागली ती एखाद्याच्या घरातून निघाल्यासारखी, हलक्या आवाजात बोलत. कृष्णातने लालासाहेबांशी हात मिळवला, एक सलाम ठोकला, आणि आजीला म्हणाला, "चल, गाडी चुकंल."

चंद्राबाई उठल्या, पण खाली न जाता तटाकडे गेल्या. लालासाहेब मागोमाग गेले. खोरं धुक्याने काठोकाठ भरलं होतं, आणि लांबचे डोंगर त्यात निळ्या बेटांसारखे तरंगत होते.

"आमचं कुंडल कुनीकडं?" त्यांनी विचारलं.

लालासाहेबांनी छत्री उचलून दक्षिणेकडे, थोडं पूर्वेला दाखवलं. चंद्राबाई डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"काय दिसत न्हाई."

"नाही दिसायचं, आजी. पन्नास मैल आहे. स्वच्छ उन्हातही दिसत नाही."

"मग आमच्या आज्यालाबी दिसत नसंल," चंद्राबाई म्हणाल्या. "पर रोज हितं येऊन बगत असनार."

लालासाहेबांनी छत्री खाली घेतली, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून तेही तिकडे बघू लागले.